एकाच नंबरची दोन बिलं: छापतानाच डिजिटल प्रत जपण्याचा एक प्रकरण अभ्यास

वाद एका बिलाचा होता. माल पोहोचून तीन वर्षं झाली होती. गिऱ्हाईक म्हणत होतं, आमच्याकडच्या बिलावर जो दर आहे तोच खरा. ऑफिसचं म्हणणं, तो दर आम्ही कधी लावलाच नाही. बिलिंगवर बसणाऱ्या ताईंनी सॉफ्टवेअरमध्ये नंबर टाकला, प्रिंट दिली आणि कागद मालकांपुढे ठेवला. मालकांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि पत्त्यावर बोट ठेवलं. "ताई, हा तर त्यांचा नवा पत्ता आहे. तीन वर्षांपूर्वी ते इथे नव्हतेच."

सॉफ्टवेअरकडे ते बिल नव्हतंच. त्याच्याकडे होत्या नोंदी: तारीख, माल, नग, रक्कम. रिप्रिंट मागितली की ते त्या नोंदी उचलतं, गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता आजच्या मास्टरमधून, म्हणजे गिऱ्हाइकांच्या चालू यादीतून घेतं, अटी आजच्या नमुन्यातून घेतं आणि एक नवा कागद बनवतं. नंबर जुना असतो, तारीखही जुनी असते. पण त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या हातात गेलेला कागद हा नव्हे. रिप्रिंट म्हणजे कॉपी नाही. या प्रकरणातलं बाकी सगळं या एका वाक्यातून निघालं.

कपाटातली ऑफिस कॉपी शोधली. त्या महिन्याची फाईल सापडली, तिच्यात आधीचं बिल होतं, नंतरचंही होतं. मधलं तेवढं नव्हतं. कुणीतरी कधीतरी काढून घेतलं असेल आणि परत लावलं नसेल. यात वाईट हेतू असायची गरज नसते, कागदाच्या फाईलचं असंच होतं. मालकांनी गिऱ्हाइकाचा दर मान्य केला आणि फरक सोसला. त्यानंतर मला बोलावलं.

मी ऑफिसांमधल्या छपाईची आणि नोंदींची व्यवस्था लावून देण्याचं काम करतो. मालकांची मागणी एका ओळीची होती: बिल छापलं जाईल त्याच वेळी त्याची डिजिटल प्रत आपोआप जमा व्हावी, आणि ताईंच्या कामात एकही जास्तीची पायरी येऊ नये. मागणीचा दुसरा भाग मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटला.

आधी काय करून पाहिलं होतं

मी येण्यापूर्वी ऑफिसने स्वतःहून तीन वाटा चालून पाहिल्या होत्या. त्या का अडल्या हे समजून घेण्यात माझा पहिला आठवडा गेला आणि तो सार्थकी लागला.

पहिली वाट स्कॅनिंगची. संध्याकाळी दिवसभराच्या ऑफिस कॉप्या स्कॅनरला लावायच्या. महिनाभर नीट चाललं, मग गठ्ठे साठू लागले. दोन पानं एकदम ओढली गेली तर एक पान गायब, आणि ते कुणाच्या लक्षात यायचं नाही. शिवाय ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, ए-४ पान म्हणजे २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके. कॉम्प्रेस न करता, म्हणजे फाईल आवळून लहान न करता, रंगीत ठेवलं तर एका पानाला २६ एमबी लागतात. म्हणून कुणीतरी सेटिंगमध्ये सगळ्यात लहान फाईलचा पर्याय निवडून ठेवला होता.

ते सेटिंग पाहून मी थबकलो. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती. इमारतीच्या एका नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती, १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्यांवर १४.१३ आलं. कारण होतं जेबीआयजी-२ नावाची कॉम्प्रेशनची पद्धत. ती पानावरचे सारखे दिसणारे तुकडे शोधते, त्यातला एकच साठवते आणि बाकीच्या जागी तोच चिकटवते. ६ आणि ८ अंधुक असले की तिला सारखेच वाटू शकतात. चित्र धूसर झालं असतं तर निदान शंका आली असती. इथे आकडा सुबक, स्वच्छ आणि चुकीचा होता. कंपनीने नंतर दुरुस्ती दिली. पण बिल स्कॅन करणाऱ्या माणसाने हा प्रसंग लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं. आपल्या धंद्यात ६ चा ८ होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी वाट: ताईंनी आधी बिल पीडीएफ म्हणून सेव्ह करायचं, मग प्रिंट द्यायची. दारात गाडी उभी, फोन वाजतोय, समोर माणूस ताटकळलाय, अशा वेळी कुठली पायरी गळते? ज्या पायरीवाचून काम अडत नाही तीच. फोल्डर उघडून पाहिलं तर सकाळची बिलं बहुतेक सगळी होती आणि दुपारनंतरची तुरळक. काही फाईलींची नावं नुसती "नवीन", "नवीन १" अशी होती. याचा दोष मी ताईंना देत नाही. जी व्यवस्था माणसाच्या आठवणीवर उभी असते ती गर्दीच्या वेळीच कोसळते, आणि चुकाही गर्दीच्याच वेळी होतात.

तिसरी वाट एका ओळखीच्या तंत्रज्ञाने सुचवली होती. विंडोजमध्ये प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पूलिंग' नावाचा पर्याय असतो, त्यात एका प्रिंटरला दोन पोर्ट, म्हणजे काम बाहेर पाठवायच्या दोन वाटा, जोडता येतात. एका पोर्टवर खरा प्रिंटर, दुसऱ्यावर फाईल, म्हणजे दोन्हीकडे जाईल, असा त्याचा समज. ऐकायला पटतं, पण पूलिंग त्यासाठी नाहीच. जो पोर्ट मोकळा असेल त्याच्याकडे काम पाठवायचं, एवढंच ते करतं. एक बिल कागदावर गेलं, दुसरं फाईलमध्ये. अर्ध्या तासात गोंधळ उडाला आणि सगळं पूर्ववत करावं लागलं.

क्रम उलटा केला

आम्ही शेवटी जी रचना केली तिचा गाभा साधा आहे. ताईंच्या यादीत 'बिल' नावाचा एकच प्रिंटर ठेवला. तो खरा प्रिंटर नव्हे, व्हर्च्युअल, म्हणजे फक्त सॉफ्टवेअरमध्ये असलेला. ताईंनी प्रिंट दिली की आलेल्या कामाची आधी पीडीएफ बनते, ती ठरलेल्या फोल्डरमध्ये लिहिली जाते, लिहिली गेल्याची आणि पानं पूर्ण असल्याची खात्री होते, आणि मग तीच फाईल खऱ्या प्रिंटरकडे जाते. म्हणजे कागद फाईलवरून छापला जातो. आधी कागद आणि मग त्याची प्रत, हा क्रमच मोडला. ताईंना दिसतं ते पूर्वीसारखंच, कागद यायला दोन-तीन सेकंद जास्त लागतात एवढंच.

फाईल साधी पीडीएफ न ठेवता पीडीएफ/ए ठेवली. हे आयएसओ १९००५ हे मानक, त्याचा पहिला भाग २००५ साली आला. दीर्घकाळ जपायच्या दस्तऐवजांसाठीच ते बनवलेलं आहे. त्यात सगळे फॉन्ट फाईलच्या आतच असावे लागतात, पासवर्ड लावता येत नाही, आणि दिसण्यासाठी लागणारी कुठलीही गोष्ट बाहेरून आणावी लागत नाही. फॉन्ट आत नसेल तर दहा वर्षांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवर तीच फाईल दुसऱ्याच अक्षरात उघडते, रकाने सरकतात, मराठी नावांच्या जागी चौकोन येतात. आम्ही दुसरा भाग निवडला, म्हणजे पीडीएफ/ए-२. पहिल्या भागात पारदर्शक चित्रं चालत नाहीत आणि आमच्या लोगोची कड पारदर्शक होती. नुसतं 'पीडीएफ/ए' असं नाव दिल्याने फाईल तशी होत नाही, म्हणून सुरुवातीची काही दिवसांची बिलं व्हेरापीडीएफ या मोफत तपासणी-साधनातून काढली. पहिल्या दिवशीच्या फाईली नापास झाल्या. एक फॉन्ट बाहेर राहिला होता.

प्रत जपली नाही तर कागदही निघू नये, असं मी आधी ठरवलं होतं. मालकांनी ते लगेच अडवलं. "सर्व्हर बंद पडला म्हणून माल दारात थांबला तर मी गिऱ्हाइकाला काय सांगू?" ते बरोबर बोलत होते. त्यावर तोडगा असा निघाला: सर्व्हर मिळाला नाही तर फाईल ताईंच्याच कॉम्प्युटरवर लिहायची, कागद द्यायचा, आणि सर्व्हर परत आला की ती आपोआप तिकडे हलवायची. फाईल स्थानिक डिस्कवरही लिहिता आली नाही, तरच छपाई थांबते आणि पडद्यावर कारण येतं. आम्ही भर कामात नेटवर्कची वायर काढून हे करून पाहिलं. पहिल्यांदा बिल दोनदा छापलं गेलं, ते दुरुस्त करायला दोन दिवस लागले. वायर काढून पाहिलीच नसती तर हे आम्हाला कुठल्या तरी वाईट दिवशी कळलं असतं.

पांढऱ्या पानावर तरंगणारे आकडे

पहिली प्रत उघडून मालकांना दाखवली. त्यांनी विचारलं, "आणि लेटरहेड कुठंय?"

लेटरहेड कागदावर होतं. ऑफिस छापील स्टेशनरी वापरायचं. वर नाव आणि लोगो, मध्ये रकान्यांच्या रेघा, मागच्या बाजूला बारीक अक्षरात अटी, हे सगळं प्रेसमधून छापून यायचं. प्रिंटर त्यावर फक्त आकडे आणि नावं उमटवायचा. म्हणून पकडलेल्या फाईलमध्ये होतं काय, तर कोऱ्या पानावर इकडेतिकडे विखुरलेले आकडे. १२, ४५०, ५४००. कुठला नगाचा, कुठला दराचा, हे सांगणाऱ्या रेघा तिथे नव्हत्या. मागच्या अटी तर नव्हत्याच, आणि वाद होतो तेव्हा बहुधा अटींवरूनच होतो.

नेहमीचा उपाय म्हणजे कोऱ्या स्टेशनरीचं एक चांगलं स्कॅन घ्यायचं आणि प्रत बनताना ते आकड्यांच्या खाली अंथरायचं. आम्ही तेच केलं. पण करताना कपाटात तीन वेगवेगळ्या खेपांची स्टेशनरी सापडली. एकीवर जुना फोन नंबर होता, एकीवर परतीच्या मालाची मुदत वेगळी होती. मग प्रतीच्या खाली कुठली अंथरायची? त्या दिवशी ट्रेमध्ये जी होती ती. पण ट्रेमध्ये काय आहे हे कॉम्प्युटरला कुठून कळणार? नवा गठ्ठा फोडला की तारीख लिहून ठेवायची, असा नियम केला. तो नियम म्हणजे पुन्हा आठवणीवरच उभी असलेली एक पायरी आहे, हे मला त्याच दिवशी दिसत होतं आणि बोचतही होतं.

त्यामुळे मी मालकांना आग्रहच केला की उरलेली स्टेशनरी संपली की नवी छापून घेऊ नका. लोगो, रेघा, अटी सगळं बिलाच्या नमुन्यातच आणा आणि कोऱ्या कागदावर छापा. त्यांना प्रेसच्या रंगीत लेटरहेडचा अभिमान होता, त्यामुळे हे पटायला वेळ लागला. पटलं तेव्हा मात्र खऱ्या अर्थाने फाईल आणि कागद एक झाले. मागच्या अटी आता दुसऱ्या पानावर येतात आणि प्रिंटर त्या पाठपोट छापतो. अटी बदलल्या तर ज्या बिलाबरोबर ज्या अटी गेल्या त्याच त्या फाईलमध्ये राहतात. तारीख लिहायची गरज उरली नाही.

नाव, शोध आणि मराठी अक्षरं

फाईलला नाव काय द्यायचं यावर बराच काथ्याकूट झाला. बिल नंबर, तारीख आणि छापल्याची वेळ असं नाव ठरलं. वेळ सेकंदापर्यंत. त्याच नंबरचं बिल पुन्हा छापलं तर जुनी फाईल पुसली जाता कामा नये, नवी तिच्या शेजारी बसली पाहिजे. हा निर्णय मी सावधगिरी म्हणून घेतला होता. त्याचं खरं मोल पुढे कळलं.

गिऱ्हाइकाच्या नावाने शोधायचं म्हटलं तर घोळ. पीडीएफमध्ये अक्षरं जशी दिसतात तशी मांडलेली असतात, त्यांच्यामागे युनिकोडचा नकाशा, म्हणजे कुठली आकृती कुठलं अक्षर हे सांगणारी यादी, नीट जोडलेला असेलच असं नाही. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने नंतर येते आणि कागदावर आधी उमटते. जोडाक्षर फॉन्टमध्ये एकच आकृती असतं. त्यामुळे पडद्यावर 'किरण' स्वच्छ दिसतं, पण शोधलं की सापडत नाही, आणि कॉपी करून पेस्ट केलं तर वेगळंच काहीतरी येतं. दुसरा ड्रायव्हर लावला, फॉन्ट बदलून पाहिला, थोडा फरक पडला पण भरवसा वाटेना. मग हा नाद सोडला. रोज रात्री सॉफ्टवेअरमधूनच नंबर, तारीख, गिऱ्हाईक आणि रक्कम यांची यादी काढायची आणि ती फाईलींच्या नंबरशी जोडायची. नावाने यादीत शोधा, नंबरने फाईल उघडा. दिसायला ओबडधोबड आहे, पण रोज चालतं.

तीच यादी ताळ्यालाही कामी आली. सॉफ्टवेअरमध्ये बिलं किती, फोल्डरमध्ये वेगवेगळे नंबर किती, मधला एखादा नंबर सुटलाय का, हे सकाळी एका पानावर येतं. ते पान मालक स्वतः बघतात.

ताळ्यात निघालेली गोष्ट

दुसऱ्या आठवड्यात त्या पानावर एक आकडा खटकला. वेगळे नंबर सॉफ्टवेअरइतकेच होते, पण फाईली जास्त होत्या. कागद अडकला की पुन्हा छापतात, त्यातलं असेल असं आम्ही धरलं. तरी मी काही जोड्या उघडून शेजारी शेजारी ठेवल्या. नंबर एक, तारीख एक. पहिल्या बिलात चाळीस नग, सव्वा तासाने छापलेल्या दुसऱ्यात छत्तीस.

ताईंना विचारलं. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं: माल निघाल्यावर गिऱ्हाइकाचा फोन येतो, चार नग कमी करा. मग तेच बिल उघडायचं, आकडा बदलायचा, पुन्हा छापायचं. नवा कागद पुढच्या फेरीत जातो. पहिला? "तो त्यांनी फाडायचा असतो." फाडला की नाही, हे विचारायची पद्धत नव्हती. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, कारण सॉफ्टवेअरमध्ये शेवटी एकच बिल दिसायचं.

मालक बराच वेळ त्या दोन पानांकडे बघत होते. तीन वर्षांपूर्वीच्या वादात गिऱ्हाईक खोटं बोलत नसावं, हे त्या खोलीत आम्हा सगळ्यांना एकाच वेळी जाणवलं. त्यांच्या हातातला कागद खरा असू शकत होता आणि ऑफिसची नोंदही खरी असू शकत होती. दोन्ही एकाच नंबरची.

त्या दिवसापासून छापलेलं बिल उघडून बदलणं बंद केलं. सॉफ्टवेअरमध्ये तशी कुलपाची सोय होती, ती कुणी वापरली नव्हती. नग कमी झाले तर क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम वजा केल्याचा वेगळा कागद काढायचा, त्याला त्याचा स्वतःचा नंबर. ताईंचं काम यामुळे थोडं वाढलं. जास्तीची पायरी येऊ देणार नाही असं मी कबूल केलं होतं, ते इथे मोडलं. ही एक पायरी माणसाने समजून उचलायचीच आहे असं मी त्यांना सांगितलं, आणि का ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

सहीचा कागद

एक गोष्ट डिजिटल प्रतीत कधीच येणार नव्हती. माल उतरवून घेणारा माणूस मालासोबत गेलेल्या चलनाच्या कागदावर सही करतो, शिक्का मारतो, कधी पेनाने लिहितो: "दोन खोकी ओली". तो कागद छापल्यानंतर घडतो. आपण काय पाठवलं हे आपली प्रत सांगते, त्यांनी काय स्वीकारलं हे सहीचा कागद सांगतो. दोन्ही वेगळे दस्तऐवज आहेत आणि एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही.

म्हणून स्कॅनर ठेवलाच, पण फक्त या कागदांसाठी. चलनावर आता नंबरचा बारकोड छापतो. स्कॅन झालं की तो वाचून फाईल आपोआप मूळ प्रतीशेजारी जाऊन बसते. स्कॅनचं ते जुनं सेटिंग बदललं: ३०० डीपीआय, ग्रे, आणि जेबीआयजी-२ पूर्ण बंद. कॉम्प्रेशन जेपीईजी, साधारण दर्जाचं; ते एका तुकड्याच्या जागी दुसरा चिकटवत नाही. अक्षर थोडं मऊ दिसेल, पण ६ चा ८ होणार नाही. मूळ सहीचे कागद फाडायचे नाहीत असंही ठरवलं. कायद्याने ज्या कागदांना जितकी वर्षं ठेवायला सांगितलंय तितकी ते कपाटात राहतील.

जपणं म्हणजे नुसतं साठवणं नाही, म्हणून रोज रात्री प्रत्येक नव्या फाईलचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण, काढून वेगळ्या यादीत लिहिला जातो. फाईलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. ती यादी लिहिण्याचा अधिकार ताईंकडे नाही, मालकांकडे नाही, माझ्याकडेही नाही, फक्त सर्व्हरवरच्या एका खात्याकडे आहे. एकूण तीन प्रती राहतात: सर्व्हरवर, बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या इमारतीत. दर तीन महिन्यांनी तिसऱ्या प्रतीतून कुठलंही एक बिल काढून छापून बघतो. पहिल्या वेळी डिस्क जोडली, पण ती उघडायचा पासवर्ड एकाच माणसाला माहीत होता आणि तो माणूस रजेवर होता. आता पासवर्ड बंद लिफाफ्यात तिजोरीत आहे.

सध्या कुठे आहे

नवी व्यवस्था लागल्यावर दोन महिने कागदाची ऑफिस कॉपीही सोबत काढत होतो. रोज वीस बिलं निवडून कागद आणि फाईल शेजारी ठेवून ताई ओळ न् ओळ ताडून पाहायच्या. लेटरहेड नमुन्यात आल्यानंतर एकही फरक निघाला नाही, तेव्हा ऑफिस कॉपी बंद केली.

सहीचे कागद अजूनही दोन-तीन दिवस मागे राहतात. माल पोहोचवून गाडी उशिरा परत येते आणि चालकाच्या खिशातून कागद यायला दुसरा दिवस उजाडतो. चालकाने जागेवरच फोनवर फोटो काढावा असं सुचवलंय, पण वाकडा, सावली पडलेला फोटो या कामाला चालेल का याची चाचणी सुरू आहे. आणि जुन्या कपाटातल्या फाईली तशाच आहेत. त्या स्कॅन करायच्या ठरल्या तर आधी प्रत्येक महिन्यातले गहाळ नंबर लिहून काढायचे, असं मालक म्हणाले. ते काम ताईंनी सुरू केलंय. पहिल्या फाईलच्या आतल्या बाजूला पेन्सिलने नंबर लिहिलेत, आणि वाद झालेलं ते बिल त्या यादीत सगळ्यात वर आहे.